पाण्यावरचा रस्ता आणि त्याचे नियम

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास ‘नीलकमल’ ही प्रवासी लाँच गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघाली होती. मुंबई बंदराच्या त्याच पाण्यात नौदलाच्या एका वेगवान बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. या बोटीवरचा ताबा सुटला आणि ती थेट लाँचवर येऊन आदळली. या दुर्घटनेत १५ जणांचा जीव गेला. इंजिनातील बिघाडामुळे ताबा सुटल्याचे नौदलाने सांगितले आणि चौकशी मंडळ नेमले. लाँचचा परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशांचा होता. प्रत्यक्षात तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती. अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

अपघातानंतर प्रवाशांना जॅकेटची सक्ती झाली. चाचणी कुठे घ्यावी, लाँचमध्ये किती माणसे बसवावीत, यावरही चर्चा झाली. दोष कोणाचा हे ठरवण्याचे काम चौकशीचे आहे. पण वेग, पहारा, गर्दी आणि जॅकेट या चारही गोष्टींबाबतचे नियम त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून लिहिलेले आहेत. त्यामागे पदार्थविज्ञान आहे आणि शरीरशास्त्रही. ते समजून घेतले, तर हे नियम कुणाची अडवणूक करण्यासाठी केलेले नाहीत हे लक्षात येते.

डावे-उजवे आणि लाल-हिरवे

जगभरच्या समुद्रात टक्कर टाळण्यासाठी एकच नियमावली चालते. ती १९७२ मध्ये ठरली आणि १९७७ पासून लागू झाली. तिला जोडून असणाऱ्या पाण्यातल्या बंदरांनाही ती लागू होते. त्याखेरीज प्रत्येक बंदर आपापले जादा नियम करू शकते.

यातले मूळ नियम थोडे आहेत. दोन यांत्रिक बोटी समोरासमोर आल्या, तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचे आणि एकमेकींना डावी बाजू देऊन निघून जायचे. भारतात रस्त्यावर डाव्या बाजूने चालण्याची सवय असल्याने नवख्या चालकाचा नेमका इथेच गोंधळ होतो. दोन बोटींचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे, तिने वाट द्यायची. ओलांडून पुढे जाणारी बोट कोणत्याही बाजूने आली, तरी पुढच्या बोटीपासून दूर राहण्याची जबाबदारी तिचीच.

रात्रीचे दिवेही याच हिशेबाने लावलेले असतात. बोटीच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा दिवा. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसतो, मागचा १३५ अंशांत. तिन्ही मिळून बरोबर ३६० अंश होतात. त्यामुळे अंधारात बोटीचा आकार दिसला नाही, तरी ती कुठल्या दिशेला चालली आहे हे दिव्यांवरून कळते. उजव्या हाताला लाल दिवा आडवा जाताना दिसला, तर त्या बोटीची डावी बाजू समोर आहे आणि वाट आपणच द्यायची आहे, असा त्याचा अर्थ. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती बोट सरळ अंगावर येत आहे. म्हणूनच दिवा बंद ठेवून किंवा रंगीबेरंगी रोषणाई लावून फिरणारी बोट स्वतःबरोबर दुसऱ्यालाही धोक्यात घालते. तिची दिशा कुणालाच वाचता येत नाही.

भोंग्याचीही एक भाषा आहे. एक छोटा आवाज म्हणजे ‘उजवीकडे वळतो आहे’, दोन म्हणजे ‘डावीकडे’, तीन म्हणजे ‘इंजिन उलटे फिरवले आहे’. लागोपाठ पाच छोटे आवाज म्हणजे ‘तुझा इरादा कळत नाही’. गर्दीच्या बंदरात हा पाच आवाजांचा इशारा सर्वांत मोलाचा असतो.

दिसते, पण हलत नाही

बंदरातले बरेच अपघात स्वच्छ उजेडात, मोकळ्या पाण्यात होतात. ‘समोरची बोट दिसलीच नाही,’ असे चालक सांगतो. ते बऱ्याचदा खोटे नसते.

माणसाची नजर हालचाल चटकन टिपते. डोळ्याच्या कोपऱ्यात काही सरकले, की लक्ष तिकडे जाते. पण टकरीच्या मार्गावर असलेल्या बोटीचे एक विचित्र वैशिष्ट्य आहे. दोन्ही बोटी सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने जात असतील आणि पुढे एकाच ठिकाणी पोहोचणार असतील, तर एकीवरून पाहताना दुसरी पूर्ण वेळ त्याच दिशेला दिसत राहते. मागच्या दृश्यावर ती पुढे-मागे सरकत नाही. तिचा आकार तेवढा वाढत जातो आणि तोही सुरुवातीला अगदी हळू. अंतर निम्मे झाले, की आकार दुप्पट दिसतो. त्यामुळे खरी वाढ शेवटच्या काही सेकंदांतच जाणवते.

जी बोट दृश्यात सरकताना दिसते, ती पुढून किंवा मागून निघून जाणार असते. जी जागची हलत नाही आणि मोठी होते आहे, ती येऊन आदळणार असते. नियमावलीने हेच तत्त्व घेतले आहे. समोरच्या बोटीची दिशा बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असे धरायचे. शंका असेल तरीही धोका आहे असेच धरायचे. सुकाणूवरच्या माणसाने बोटीच्या एखाद्या खांबाच्या रेषेत दुसरी बोट धरली आणि मिनिटभराने ती त्याच रेषेत दिसली, तरी एवढी परीक्षा पुरते. तिला यंत्र लागत नाही.

यासाठी पहारा मात्र अखंड हवा. डोळे आणि कान यांनी सतत पहारा ठेवणे ही नियमावलीतली सक्ती आहे. फोनवर बोलणारा, प्रवाशांकडून पैसे घेणारा किंवा सेल्फीसाठी बोट वळवणारा चालक तो ठेवू शकत नाही. ऊन, पाण्यावरची चकाकी, इंजिनाचा आवाज आणि हादरे यांनी काही तासांत मेंदू थकतो आणि प्रतिसाद मंदावतो. त्यात दारूची भर पडली, तर आधीच मंदावलेली नजर आणखी मागे पडते.

वेगाचा हिशेब

समुद्रातला वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. २५ नॉटने धावणारी स्पीडबोट ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाने जात असते. शहरातल्या रस्त्यावर हा वेग फार वाटत नाही. पण बोटीला ब्रेक नसतात. इंजिन बंद केले तरी ती पुढे सरकत राहते, आणि पाण्यावर चाकांसारखी पकडही मिळत नाही.

२५ नॉटची स्पीडबोट आणि ८ नॉटने चालणारी लाँच समोरासमोर आल्या, तर दोघींमधले अंतर सेकंदाला सुमारे १७ मीटरने घटते. अर्धा किलोमीटर अंतर अर्ध्या मिनिटात संपते. त्यात ओळखायचे, ठरवायचे, सुकाणू फिरवायचे आणि बोट वळण्याची वाट पाहायची. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. तेच वजन ८ ऐवजी २५ नॉटने आदळले, तर ऊर्जा जवळपास दहापट होते. लाकडी किंवा फायबरच्या लाँचचे अंग ती सोसू शकत नाही.

म्हणून नियमावलीने सगळ्या समुद्राला मिळून एक आकडा दिलेला नाही. ‘सुरक्षित वेग’ म्हणजे दृश्यमानता, गर्दी, पाण्याची खोली, वारा, प्रवाह आणि बोटीची वळण्याची व थांबण्याची क्षमता पाहून ज्या वेगात वेळीच थांबता येईल तो वेग. मुंबई बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि बाहेर जाते. सकाळी सुरक्षित असलेला वेग दुपारी ओहोटीच्या जोरात तसा राहीलच असे नाही.

सौजन्याचा प्रश्नही वेगातूनच येतो. बोट पुढे जाताना मागे लाटा सोडते आणि लाटेतली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या पटीत असते. दुप्पट उंच लाट म्हणजे चौपट तडाखा. लाँचला लागून उभी असलेली छोटी होडी, जाळे ओढताना कडेला वाकलेला कोळी, धक्क्याच्या पायऱ्यांवरून लाँचमध्ये पाय टाकणारी आजी, या सगळ्यांना तो बसतो. गेटवेला एकीला एक लागून उभ्या असलेल्या लाँचमधून प्रवासी पुढच्या लाँचवर जातात. त्याच क्षणी लाट आली, तर दोन बोटींमधली फट उघडते आणि मिटते, आणि त्यात पाय सापडू शकतो. लाट तिथे पोहोचते तेव्हा ती उठवणारा केव्हाच दूर गेलेला असतो.

वेग थोडा कमी केला की लाट लहान होते, हा समजही नेहमी खरा नसतो. स्पीडबोट अगदी संथ चालते तेव्हा लाट लहान असते, आणि पूर्ण वेगात पाण्यावर उचलली जाते तेव्हाही तुलनेने कमी असते. मधल्या वेगात तिचे पुढचे टोक वर उठते, मागचा भाग पाण्यात रुततो आणि सर्वांत मोठी लाट तेव्हाच निघते. धक्क्याजवळ येताना थोडासाच वेग कमी करणारा चालक म्हणूनच जास्त त्रास देऊन जातो. वेग कमी करायचा तर लांबूनच आणि पुरता कमी करायला हवा.

काही बंदरांनी यासाठी मोजता येतील असे नियम केले आहेत. सिडनीच्या बंदरात ६ नॉट किंवा त्याहून अधिक वेगाने जाणाऱ्या यांत्रिक बोटीला दुसऱ्या बोटीपासून आणि किनाऱ्यापासून किमान ३० मीटर, तर पाण्यातल्या माणसापासून किमान ६० मीटर दूर राहावे लागते. अरुंद जागी लाट न उठवण्याच्या पाट्या असतात. नारिंगी चौकटीचे चिन्ह लावलेल्या प्रवासी फेरीला शिडाच्या बोटीही वाट देतात. ‘काळजीपूर्वक चालवा’ या उपदेशापेक्षा असा नियम पाळणे सोपे असते, आणि तो मोडला हे सिद्ध करणेही.

मोठ्या जहाजापुढची आंधळी पट्टी

मुंबई आणि जेएनपीए या दोन मोठ्या बंदरांकडे जाणारी जहाजे खणून खोल केलेल्या एका वाटेने येतात. त्या वाटेबाहेर त्यांचा तळ गाळात रुतेल. म्हणून अरुंद वाटेत २० मीटरपेक्षा लहान बोटींनी, शिडाच्या बोटींनी आणि मासेमारी करणाऱ्यांनी मोठ्या जहाजाची अडचण करायची नाही, असा नियम आहे. तो आकाराचा मान राखण्यासाठी केलेला नाही. भरलेल्या कंटेनर जहाजाला थांबायला किलोमीटरच्या हिशेबात अंतर लागते. शिवाय त्याच्या चालककक्षातून नाकासमोरचे पाणी दिसत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ही न दिसणारी पट्टी जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून लांब असता कामा नये. म्हणजे नियमात बसणाऱ्या जहाजापुढेही जवळपास अर्धा किलोमीटर पाणी चालकाच्या नजरेआड असू शकते. जहाजाचा फोटो घेण्यासाठी तिथे बोट नेणाऱ्या हौशी चालकाला हे माहीत नसते.

उलट बाजूचा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. मोकळ्या पाण्यात जाळे लावून मासेमारी करणाऱ्या होडीला यांत्रिक बोटीने वाट द्यायची असते, कारण जाळे पाण्यात असताना तिला पटकन वळता येत नाही. जाळ्याची खूण दिसत असताना त्यावरून बोट नेणे म्हणजे कोळी कुटुंबाचे मोठे नुकसान, आणि पंख्यात दोर अडकला तर स्वतःचीही बोट बंद. ज्या बोटीवरचा ताबाच सुटला आहे, तिला सगळ्यांनी वाट द्यायची असते. त्यासाठी दिवसा दोन काळे गोळे आणि रात्री दोन लाल दिवे एकावर एक दाखवतात. पण वेगात असताना अचानक ताबा सुटलेल्या बोटीला हे करायला वेळ मिळत नाही. म्हणूनच चाचणीची जागा प्रवासी मार्गापासून दूर असायला हवी.

जहाजे ऑगस्ट २०१० मध्येही याच बंदरात धडकली होती. ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांच्या टकरीनंतर कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरले आणि बंदराची वाट काही दिवस बंद ठेवावी लागली. खारफुटी आणि मासेमारी यांना त्याचा फटका बसला. बंदरातल्या टकरीची किंमत टक्कर झालेल्यांपुरती राहत नाही.

गर्दी आणि तोल

परवान्यातला प्रवाशांचा आकडा आसने मोजून काढलेला नसतो. बोट कलली की तिच्या पाण्यातल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा रेटा तिला परत सरळ करतो. वजन जितके खाली, तितका हा परतीचा जोर चांगला. वजन वर चढले की तो कमी होतो. वरच्या मजल्यावर हवा छान लागते आणि फोटो चांगले येतात, म्हणून सगळे वर जातात. सरासरी ६० किलोची ३० माणसे वर गेली, तर १८०० किलो वजन एका मजल्याने उंच झाले. त्यातच कुणीतरी काही पाहिले आणि सगळे एका कठड्याशी धावले, तर कललेली बोट सरळ व्हायला धजत नाही.

कोकणाने याची भयंकर किंमत मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. लाटेने बोट कलल्यावर घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असे वाचलेल्यांच्या आठवणींत येते. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. आज छोट्या बोटीवरही व्हीएचएफ संच बसवता येतो आणि त्याच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मदतीची हाक देता येते. तो संच चालू आहे आणि वापरता येतो, याची खात्री मात्र निघण्यापूर्वी करावी लागते.

शेवटचा मिनिट

बुडणारा माणूस हात वर करून ओरडतो, हे चित्र सिनेमातले आहे. श्वासासाठी धडपडणाऱ्याला ओरडायला हवा उरत नाही आणि त्याचे हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. हे बहुतेक वेळा शांतपणे, मिनिटभराच्या आत घडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली.

पाण्यात माणसाचे शरीर जवळपास तरंगतेच. प्रश्न डोक्याचा असतो. चार-पाच किलोचे डोके सतत पाण्याबाहेर ठेवायचे, तर बाहेरून थोडा आधार हवा. जॅकेट तेवढाच देते. पण ते आधीच अंगावर असेल तरच. आदळून पाण्यात पडलेल्या माणसाला तरंगत असताना जॅकेट शोधून, घालून, पट्टे आवळणे जवळजवळ अशक्य असते. सैल जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडाशी येते. मोठ्याचे जॅकेट मुलाला घातले, तर मूल त्यातून खाली निसटू शकते. पोहता येणाऱ्यालाही ते हवे, कारण डोक्याला मार लागल्यावर पोहता येत नाही.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यात अमूल्य वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बुडण्यात मूळ कमतरता ऑक्सिजनची असते. श्वास थांबलेला असेल, तर आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छाती दाबणे सुरू करायचे, अशी आजची वैद्यकीय शिफारस आहे. शुद्ध हरपून परत आली असेल किंवा खोकला, धाप लागत असेल, तर ‘आता बरा आहे’ म्हणून घरी न नेता रुग्णालयात न्यावे. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

नियम कोणी राबवायचे?

मुंबईच्या पाण्यात एकाच वेळी अनेकांचा अंमल चालतो. प्रवासी लाँचचे परवाने महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे, बंदराची वाट आणि हद्द बंदर प्राधिकरणांकडे, शिवाय नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस. प्रत्येकाचे काम खरे आहे. पण प्रवासी मार्गावर वेगाची मर्यादा कोण मोजणार, चाचणीची सूचना लाँचच्या सारंगापर्यंत कोण पोहोचवणार आणि जादा प्रवासी घेतलेली लाँच धक्क्यावरच कोण थांबवणार, या प्रश्नांना प्रत्येकी एकच उत्तर असायला हवे. घारापुरी, मांडवा, रेवस, बेलापूर, भाऊचा धक्का, रो-रो सेवा यांची वर्दळ वाढते आहे आणि नव्या जेट्टीही होत आहेत.

यासाठी लागणारे उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रवासी मार्ग नकाशावर आणि पाण्यात तरंगत्या खुणांनी आखून द्यावेत आणि चाचण्या त्याबाहेर घ्याव्यात. धक्क्यापासून ठरावीक अंतरात वेगाचा ठोस आकडा लावावा. धक्क्यावर यंत्राने माणसे मोजावीत आणि आकडा लाँच सुटण्यापूर्वी नोंदवावा. जॅकेट स्वच्छ आणि मुलांच्या मापाचीही ठेवावीत. घामट, फाटके जॅकेट लोक काढूनच ठेवतात. दर हंगामाच्या सुरुवातीला सारंग आणि खलाशांची उजळणी मराठीत आणि पाण्यावरच घ्यावी.

प्रवाशाच्या हातातही थोडे आहे. लाँच भरलेली दिसली तर पुढची घ्यावी, बसल्याबरोबर जॅकेटचे पट्टे आवळावेत, मुलांना कठड्यापासून आत बसवावे आणि काही पाहायला सगळे धावले तरी जागेवर राहावे. समुद्रात कुणी संकटात दिसले, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये असावा. पावसाळ्यात बंद असलेल्या मांडव्याच्या लाँच दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. त्या पहिल्या फेरीला धक्क्यावर माणसे मोजली जातात का आणि जॅकेट घातल्याशिवाय दोर सुटतो का, एवढे पाहिले तरी ‘नीलकमल’पासून काय बदलले ते समजेल.